लसीकरणविषयक लोकसंवाद

लसीकरणविषयक लोकसंवाद म्हणजे लशीचे लाभ, मर्यादा आणि संभाव्य त्रास लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगण्याचा आणि त्यांच्या शंका ऐकून घेण्याचा आरोग्ययंत्रणेचा प्रयत्न होय. आजारी माणूस औषधासाठी आपणहून येतो. लस मात्र निरोगी माणसाला, बहुधा तान्ह्या मुलाला द्यावयाची असते. रोग टळला तर तो दिसत नाही, टोचल्यानंतर आलेला ताप मात्र घरातल्या सर्वांना दिसतो. या कार्याची मूळ अडचण हीच आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, आणि शेवटी भंडारा जिल्ह्यातील, परिस्थितीचा विचार केला आहे.

इतिहास

भारतातील पहिले देवीचे लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर झाले. मराठीत रोगाचे नाव ‘देवी’, त्याची अधिष्ठात्री देवता शीतळादेवी आणि लस टोचण्याच्या क्रियेलाही ‘देवी काढणे’ असेच म्हणत. आरंभीच्या काळात एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव काढून तो दुसऱ्याच्या दंडात टोचला जाई. विरोध करणाऱ्या पालकांना अंधश्रद्ध ठरवून सरकारी अधिकारी मोकळे होत. प्रत्यक्षात विटाळाच्या कल्पनेबरोबरच मुलाला होणाऱ्या वेदनेची धास्तीही त्या विरोधामागे होती, आणि या पद्धतीने इतर रोग संक्रमित होण्याचा धोका खराच होता. पुढे वासरापासून मिळवलेली लस प्रचारात आल्यावर या आक्षेपांपैकी बरेच दूर झाले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उघडकीस आली. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून जाहीरपणे लस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर रँड यांच्या अमलाखाली सैनिक घराघरांत शिरून झडती घेत होते. त्या झडतीचा लशीशी संबंध नव्हता. पण सैनिक पाठवणारे आणि लस देणारे सरकार एकच होते, त्यामुळे एकाविषयीचा संताप दुसऱ्यालाही भोवणे अटळ होते.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी हाफकिन यांची लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दूषित झालेली बाटली एकच होती, तरी हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मुंबईतील प्लेग प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

कार्यपद्धती

ग्रामीण भागात हा संवाद मुख्यतः आरोग्यसेविका, आशा आणि अंगणवाडी सेविका करतात. लस दिल्यावर आरोग्यसेविकेने पालकांना चार गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा असते: कोणती लस दिली व ती कोणत्या रोगापासून बचाव करते, काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करावे, पुढच्या लशीसाठी केव्हा यावे, आणि लसीकरण कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी सोबत आणावे. लस घेतल्यावर बाळासह अर्धा तास तेथेच थांबण्यासही सांगितले जाते.

यांपैकी दुसरी गोष्ट घाईत गळते, आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पेंटाव्हॅलंट लशीनंतर ताप येऊ शकतो, मांडीवर सूज येते, बाळ किरकिरते. बीसीजी टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी लहान फोड येऊन व्रण राहतो. हे आधी सांगितले असेल तर आई त्याकडे अपेक्षित गोष्ट म्हणून पाहते. सांगितले नसेल, तर शेजारणीला मिळणारी बातमी ‘सुईने पोर आजारी पडले’ एवढीच असते. तिचे खंडन नंतर कोणत्याही भित्तिपत्रकाने होत नाही.

निर्णय नेहमी आईच्या हाती नसतो. आजी किंवा वडील ‘नको’ म्हणाले की बाळ लसीकरण सत्राला येत नाही, म्हणून गृहभेटीत या दोघांशी बोलणे आवश्यक ठरते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने बाळाची पहिली लस एका गावात आणि पुढच्या लशी दुसऱ्या गावात होतात; कार्ड माहेरीच राहिले तर दोन्हीकडच्या यादीतून बाळ निसटू शकते. पल्स पोलिओ मोहिमेत मुलाच्या बोटावर शाईची खूण आणि घरावर खडूची खूण करून सुटलेली घरे पुन्हा गाठली जात. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त प्रमाणित झाला.

भंडारा जिल्हा

२०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके आहेत. हा धानाचा आणि झाडीपट्टीचा प्रदेश आहे. झाडीबोली व काही भागांत पोवारी बोलली जाते. मुंबईत छापलेल्या प्रमाण मराठीतील पत्रकाचा सूर अनेक घरांत परका वाटतो. रोवणीच्या दिवसांत माणसे सकाळपासून बांध्यांत असतात, तेव्हा दुपारच्या सत्राला कोणी न आल्यास त्याला नकार म्हणणे चूक ठरेल.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर आठवड्याभरातच, १६ जानेवारीला, देशात कोविड-१९ लसीकरण सुरू झाले. सरकारी आरोग्यसेवेवर विश्वास ठेवा असे सांगणे या जिल्ह्यात त्या वेळी सोपे नव्हते. लशीने नपुंसकत्व येते अशी अफवाही देशभर पसरली होती. औषध महानियंत्रकांनी लशींना मंजुरी देतानाच ती निराधार असल्याचे स्पष्ट केले होते.

ऑगस्ट २०२१ च्या प्रारंभी जिल्ह्यात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही आणि भंडारा राज्यातील पहिला कोविडमुक्त जिल्हा म्हणून जाहीर झाला. हे यश अनेकदा लसीकरणाच्या खाती मांडले जाते, ते अचूक नाही. प्रशासनाने चाचण्या, संपर्कातील व्यक्तींचा शोध आणि उपचार यांवर भर दिला होता, आणि तोपर्यंत अनेक प्रौढांचे लसीकरण व्हावयाचे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ ही देशव्यापी मोहीम सुरू झाली. ज्यांची पहिली वा दुसरी मात्रा राहिली होती, त्यांच्या दारापर्यंत आरोग्य कर्मचारी जाऊ लागले.