हालीचा पगार, कलदारचा कर

1860 सालीं जेम्स विल्सन यांनीं कलकत्त्यास प्राप्तीवरील पहिला कर मांडला, तेव्हां नांदेडला त्याची झळ लागली नाहीं. निजामी मुलखांत जमिनीचा सारा आणि करोडगिरी सर्वांच्या परिचयाची. प्राप्तिकराचा कायदा मात्र फसली 1357 चा, म्हणजे 1947-48 मधील. 1 एप्रिल 1950 पासून त्याच्या जागीं 1922 चा भारतीय कायदा आला.

त्यांतील अठरावें कलम नोकरदाराच्या दृष्टीनें महत्त्वाचें. पगार देणारानेंच कर कापून घ्यावयाचा, आणि तोही एका महिन्याच्या रकमेवर नव्हे, तर वर्षाच्या अंदाजी पगारास लागू पडणाऱ्या सरासरी दरानें. नवख्याची फसगत होण्याजोगी जागा हीच. लातूरची नोकरी सोडून कोणी वर्षाच्या मध्यास नांदेडला रुजू झाला, तर नव्या धन्यास जुन्या पगाराची वार्ता कोठून असणार? कपात कमी होई आणि बाकी पुढें अंगावर येई. जास्त कापलें गेल्यास अठ्ठेचाळिसाव्या कलमान्वयें परत मागतां येई, पण मागावें लागे.

त्यांतच नाण्यांचा घोळ! सात हालींस सहा कलदार हा अधिकृत भाव. दरमहा 210 हाली मिळविणाराचा वार्षिक आंकडा 2,520 दिसे. कायद्याच्या हिशेबीं तो 2,160 रुपयेच. फसली वर्ष आझूरपासून, कराचें वर्ष एप्रिलपासून. पूर्वीच्या ब्रिटिश हद्दींतील कारकुनास यांपैकीं एकही कोडें कधीं सोडवावें लागलें नव्हतें.

1961 च्या कायद्यांत अठरावें कलम एकशें ब्याण्णवावें झालें. वर्षभराचा अंदाज बांधण्याची रीत तीच राहिली.