कारागिरांचा रसायनशास्त्रज्ञ

आपल्याकडील रंगारी शतकानुशतके आल आणि मंजिष्ठ यांच्या मुळांपासून तांबडा रंग काढीत असे. १८६९ साली हाच रंग युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी डांबरापासून तयार केला आणि थोड्याच वर्षांत जर्मन रंगांनी आपली बाजारपेठ व्यापली. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे लुगडी विणणाऱ्या मागांचे शहर. अशा शहरांतील कारागिरांपुढे मोठा पेच उभा राहिला. नव्या रंगांमागील शास्त्र इंग्रजी ग्रंथांत होते आणि त्यांना तर इंग्रजी येत नव्हते.

हा पेच ज्यांनी ओळखला, त्यांत प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे स्थान फार वरचे आहे. १८६३ साली सुरतेस सुतारांच्या कुळात त्यांचा जन्म झाला. रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा महाविद्यालयात प्राध्यापक झाले. बडोद्याच्या गादीवर तेव्हा नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे सुपुत्र सयाजीराव गायकवाड होते. त्यांच्या आश्रयाने १८९० साली तेथे कलाभवन उघडले आणि गज्जर त्याचे प्रमुख झाले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तेथे देशी भाषेतून शिकविले जात. कापडरंगाईचे शास्त्र सामान्यांपर्यंत पोहोचावे म्हणून गज्जरांनी गुजरातीत ‘रंगरहस्य’ हे नियतकालिक चालविले. दादासाहेब फाळके हे या कलाभवनाचेच विद्यार्थी.

पुढे गज्जर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात आले. १८९६ साली दामोदर चाफेकर यांनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले होते. तो डाग गज्जरांनी काढला आणि त्यांची कीर्ती सर्वदूर पसरली. परंतु त्यांचे खरे कार्य गिरगावातील त्यांच्या प्रयोगशाळेत चालले होते. तेथे शिकणाऱ्याने केवळ परीक्षा न देता स्वतःचा उद्योग उभारावा, हा त्यांचा ध्यास होता. त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांच्या उद्यमातून १९०७ साली अलेंबिक ही कंपनी जन्मास आली. १९२० मध्ये गज्जर निवर्तले.

कलाभवन १९४९ साली बडोद्याच्या विद्यापीठात सामावले गेले. संस्था वाढली, मात्र तिच्या वर्गांतील देशी भाषा मागे पडून तेथे इंग्रजी आली. आज मराठी शाळेतून आलेला कारागिराचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गात गोंधळून बसतो, तेव्हा गज्जरांचा प्रश्न पुन्हा आपल्यासमोर उभा राहतो. त्या मुलाची बुद्धी उणी नसते. शास्त्र त्याच्या भाषेत नेण्याचे आपले कामच अपुरे राहिले आहे.