सिल्विया पिनाल : पडद्यावरची आणि पडद्यामागची

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. नटनट्यांची चरित्रे मात्र आपण करमणुकीच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो. ही वाटणी आम्हांला मान्य नाही. एखाद्या समाजाने काय आवडीने पाहिले, सत्तेला कशाची भीती वाटली आणि संकटकाळी लोकांनी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला, हे जाणून घ्यायचे तर एका अभिनेत्रीची कारकीर्दही पुष्कळ सांगून जाते. मेक्सिकोच्या सिल्विया पिनाल ह्यांची कारकीर्द ह्याच जातीची आहे.

त्यांचा जन्म 1931 साली सोनोरा प्रांतातील ग्वायमास ह्या बंदराच्या गावी झाला. जन्मदात्या पित्याने मुलीला आपले नाव दिले नाही. ते सावत्र वडिलांनी दिले. नाटकाची ओढ लहानपणापासूनची, परंतु घरच्यांचा आग्रह टंकलेखन शिकण्याचा. मुलीने टंकलेखनही शिकून घेतले आणि रंगभूमीही सोडली नाही. त्या वेळी मेक्सिकन चित्रपटाचे सुवर्णयुग चालू होते. 1949 च्या सुमारास विनोदी नट तिन-तान ह्यांच्याबरोबर त्या पडद्यावर झळकल्या. 1956 मध्ये ‘एल इनोसेंते’ ह्या चित्रपटात लोकांचा लाडका गायक-नट पेद्रो इन्फान्ते त्यांचा नायक होता. त्याच वर्षी दिएगो रिव्हेरा ह्या थोर चित्रकाराने त्यांचे व्यक्तिचित्र रंगविले. पुढच्या वर्षी इन्फान्ते विमान-अपघातात गेला आणि त्या सुवर्णयुगालाही ओहोटी लागली.

अशा वेळी बहुतेक नट्या चांगल्या भूमिकेची वाट पाहत बसतात. पिनाल बसल्या नाहीत. 1958 मध्ये त्यांनी अमेरिकन पद्धतीचे संगीत-नाटक स्वतः निर्माण करून मेक्सिकोच्या रंगभूमीवर आणले. नंतर त्यांनी मनात धरले की लुईस बुन्युएलच्या चित्रपटात काम करायचे. बुन्युएल हा स्पेनचा दिग्दर्शक. यादवी युद्धामुळे मायदेशाला पारखा होऊन मेक्सिकोत स्थायिक झालेला. त्याच्या चित्रपटांत पैसा घालायला सहसा कोणी धजत नसे. पिनाल ह्यांचे पती गुस्ताव्हो अलात्रिस्ते ह्यांनी तो घातला, आणि त्यातून ‘विरिदियाना’ निर्माण झाला.

हा चित्रपट फ्रँकोच्या स्पेनमध्येच चित्रित झाला, ही त्याची पहिली गंमत. एक तरुणी जोगीण होण्याच्या बेतात असते. तो बेत मोडतो आणि ती आपल्या वाड्यात भिकाऱ्यांना आश्रय देते. तेच भिकारी एका रात्री वाडा उद्ध्वस्त करतात. मूळ शेवटात नायिका आपल्या चुलतभावाच्या खोलीत शिरते आणि दार बंद होते. परीक्षकांनी हरकत घेतली. तेव्हा बुन्युएलने नायिका, तिचा भाऊ आणि मोलकरीण अशा तिघांना पत्ते खेळायला बसविले. परीक्षकांचे समाधान झाले. पण नवा शेवट जुन्याहून अधिक सूचक निघाला, हे त्यांच्या ध्यानात आले नाही!

1961 च्या कान महोत्सवात ‘विरिदियाना’ला सर्वोच्च पारितोषिक एका फ्रेंच चित्रपटाबरोबर विभागून मिळाले. ते स्वीकारायला स्पेनच्या चित्रपट खात्याचा प्रमुख व्यासपीठावर गेला. लगोलग व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने चित्रपटावर धर्मनिंदेचा आरोप केला. त्या अधिकाऱ्याची नोकरी गेली, आणि स्पेनमध्ये चित्रपटावर बंदी आली. ती 1977 पर्यंत, म्हणजे फ्रँकोच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे, उठली नाही. चित्रपटाची एक प्रत आपण मेक्सिकोला नेऊन वाचविली, असे पिनाल पुढे सांगत असत. चित्रपट जगापुढे राहिला तो मेक्सिकोच्या नावावर. ज्या देशात तो घडला त्याने त्याला नाकारले; एका नटीच्या हट्टाने ज्याला जन्म मिळाला होता त्याला तिच्या देशाने आपले म्हटले.

‘एल आन्खेल एक्स्तेर्मिनादोर’ (1962) आणि ‘सिमोन देल देसिएर्तो’ (1965) हे बुन्युएलचे आणखी दोन चित्रपटही त्यांच्याच वाट्याला आले. दुसऱ्यात त्यांनी साक्षात सैतानाची भूमिका केली.

एवढी कीर्ती मिळविलेली नटी दूरचित्रवाणीकडे वळली, ह्यावर नाके मुरडणारे असतीलच. मेक्सिकोत 1958 पासून रोज थोडी थोडी पुढे सरकणारी कथामालिका, म्हणजे ‘तेलेनोव्हेला’, सुरू झाली होती. ती साबण विकण्यासाठी आहे, असे विद्वान म्हणत. आणि ते खोटेही नव्हते. पण पिनाल ह्यांनी 1968 मध्ये केलेली ‘लोस काउदिय्योस’ ही मालिका मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यावर होती. 1982 मधील ‘मान्याना एस प्रिमाव्हेरा’ ह्या मालिकेत त्यांची कन्या त्यांच्याबरोबर काम करीत होती. तिचे नाव विरिदियानाच. त्याच वर्षी, वयाच्या 19 व्या वर्षी, ती मोटार-अपघातात गेली. आईने हे दुःख पोटात घालून काम चालू ठेवले.

19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिको शहर भूकंपाने हादरले आणि हजारो माणसे मेली. ताटातूट झालेल्या आप्तांचा शोध लागावा म्हणून पिनाल ह्यांचा कार्यक्रम उपयोगी पडला. त्याचे नाव ‘मुहेर, कासोस दे ला व्हिदा रेआल’, म्हणजे स्त्री आणि तिच्या खऱ्या आयुष्यातील प्रसंग. पुढे 2007 पर्यंत त्यातून घरातील मारहाण, बलात्कार, टाकून दिलेल्या बायका ह्यांच्या कथा घराघरांत पोचल्या. त्यांत भडकपणा होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या गोष्टी माजघरात दडपल्या जात, त्या माजघरातच ऐकू येऊ लागल्या, हेही खरे.

ह्या चित्राला दुसरी बाजू आहे. दशकानुदशके मेक्सिकोवर राज्य करणाऱ्या पक्षातर्फे पिनाल 1991 ते 1994 प्रतिनिधिगृहात आणि 1998 ते 2000 सिनेटमध्ये बसल्या. सत्तेने बंदी घातलेल्या चित्रपटाची नायिका सत्ताधाऱ्यांच्या बाकांवर! हा विरोध झाकण्याची आवश्यकता नाही. धाडस आणि व्यवहार एकाच माणसात सुखाने नांदतात, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही.

28 नोव्हेंबर 2024 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. राजधानीतील ललितकलांच्या राजवाड्यात, बेय्यास आर्तेसमध्ये, लोकांनी त्यांना निरोप दिला. त्या गर्दीत बुन्युएलचे चाहते होते तसे मालिका पाहणारेही असणार. थोर कला आणि बाजारी करमणूक ह्यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधतो ती ह्या बाईंनी जुमानली नाही. नशिबाने मिळालेली कीर्ती त्यांनी नुसती जपून ठेवली नाही, ती खर्च केली: कधी एका बदनाम दिग्दर्शकासाठी, तर कधी ढिगाऱ्याखाली आप्त शोधणाऱ्यांसाठी. आमच्या मते तेवढ्यासाठी तरी त्यांना इतिहासाच्या कप्प्यात जागा दिली पाहिजे.