निर्वात नलिका, संगणकातील
आरंभीच्या इलेक्ट्रॉनीय संगणकांत स्विचाचे कार्य करणारा घटक. तापलेल्या ऋणाग्रातून निघणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह जाळीवरील विद्युत् दाब बदलून थांबविता वा सोडता येतो. हलणारा भाग नसल्याने नलिका रिलेहून कित्येक पटींनी जलद चाले. परंतु तिचा तंतू केव्हातरी जळणारच. मग हजारो नलिका एकाच वेळी शाबूत कशा राहणार, ही शंका अनेक तज्ञांना होती.

नलिका सतत चालू ठेवल्यास क्वचितच बिघडतात, हे टॉमस फ्लॉवर्स या ब्रिटिश टेलिफोन अभियंत्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या ‘कोलोसस’ने (१९४४) ते सिद्धही केले, मात्र युद्धकालीन गुप्ततेमुळे ही गोष्ट कित्येक वर्षे अज्ञात राहिली. अमेरिकेतील ‘एनिअ‍ॅक’मध्ये (१९४५) सु. १८,००० नलिका असून त्यास सु. १५० किवॉ. वीज लागे. जे. पी. एकर्ट यांनी नलिका त्यांच्या निर्धारित क्षमतेपेक्षा कमी भारावर चालविल्या. बहुतेक बिघाड यंत्र चालू वा बंद करताना होत, म्हणून ते सहसा बंद करीत नसत.

तापविण्याची गरज नसलेला ट्रँझिस्टर १९४७ मध्येच सिद्ध झाला होता. पण आरंभीचे ट्रँझिस्टर बेभरवशाचे असल्याने नलिका आणखी दशकभर टिकल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्ये सु. २,७०० नलिका होत्या. तोवर परदेशी बाजारात ट्रँझिस्टरी संगणक आले होते; तरी या यंत्राच्या उभारणीतून भारतीय अभियंत्यांना मिळालेले शिक्षण विकत घेतलेल्या यंत्रातून मिळाले नसते. १९६४ मध्ये संस्थेत आलेल्या ‘सीडीसी ३६००’मध्ये नलिकांची जागा ट्रँझिस्टरांनी घेतलेली होती.