कोय रुजवणे (उर्से-मावळ)

आंबा, फणस, जांभूळ आदी फळझाडांच्या ताज्या बियांपासून लावणीजोगे किंवा कलमाजोगे रोप तयार करण्याची क्रिया. कोय म्हणजे आंब्याची आठळी, कोकणात बाठा. येथे मुख्यतः आंब्याचा विचार केला आहे.

उर्से हे मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडेजवळचे गाव, द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे परिचित. मावळ हा भाताचा मुलूख; वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राची ओळखही इंद्रायणी भातामुळेच आहे. 

भाताचे बी वाळले की टिकते, आंब्याचे वाळले की मरते. फळातून काढल्यावर कोय फार तर महिनाभर जिवंत राहते, म्हणून ताजेपणाला दुसरा पर्याय नाही. मावळात रायवळ (गावठी) आंब्याचा शेवटचा पाड आणि मृगाचा पाऊस जवळजवळ एकाच वेळी येतात, ही मोठी सोय. मात्र हाच पाऊस वाफ्यात साचला की कोय कुजते. येथे गादीवाफा उंचच हवा.

गर धुऊन कोयी पाण्यात टाकतात. तरंगणाऱ्या बाद करतात. कोयीची कड कात्रीने अलगद कापून टणक कवच उकलले की आत पातळ तपकिरी सालीत गुंडाळलेला दाणा दिसतो. सोंड्याने (कोयीतील भुंग्याने) पोखरलेला दाणा याच वेळी हाती लागतो, तोही टाकावा. कवच काढल्याने मुळाची अडवणूक टळते, उगवण लवकर व एकसारखी होते आणि मूळ सरळ जाते. दाण्याची फुगीर कड वर ठेवून त्यावर बोटभर माती-शेणखत पसरतात. कवच काढलेला दाणा लगेच लावावा. उन्हात ठेवलेला वाया जातो. लावण्याआधी दाणा शेणकाल्यात बुडवण्याच्या उपयोगाबद्दल मतभेद आहेत.

पहिली पाने तांबूस व लुसलुशीत असतानाच, उगवणीनंतर साधारण १० ते १५ दिवसांत, कोयकलम बांधतात. कोंब छाटून मधोमध चिरतात, तेवढ्याच जाडीची पाचरीसारखी तासलेली कलमकाडी त्यात बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. रोप हिरवे पडले की यश घटते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) ही पद्धत रूढ केल्यावर वेळखाऊ भेटकलम मागे पडले. रोपवाटिकेच्या दृष्टीने हा मोठा बदल होय.

हापूसच्या कोयीतून एकच रोप येते व ते आईसारखे निघेलच असे नाही. दक्षिणेकडील ओलूरसारख्या जातींच्या एका कोयीतून अनेक रोपे येतात. त्यांतील बहुतेक मूळ झाडासारखी असल्याने एकसारख्या खुंटासाठी ती उपयोगी पडतात.

फणस : आठळी ताजी लावतात. सोटमूळ लवकर वाढत असल्याने ती थेट पिशवीत किंवा जागेवरच लावावी.

जांभूळ : बी दोन आठवड्यांत निकामी होते. एका बीतून दोन-तीन कोंब येतात.

पपई : बीवरचे बुळबुळीत आवरण उगवण रोखते, राखेत चोळून धुवावे.

करवंद : बी ताजेच लावतात.