जाड्या राजाची कुर्तुबावारी

शाळेबाहेर वडापावचा वास आला की माझा वजन कमी करण्याचा निश्चय डळमळतो. तेव्हा मला स्पेनमधील लिऑनचा राजा सांचो आठवतो. तो इतका जाड होता की, त्याला घोड्यावरही बसता येत नसे, असे सांगतात. इ.स. ९५८ मध्ये सरदारांनी त्याला गादीवरून हटवले. त्याची आजी, नवाराची राणी टोडा, त्याला घेऊन कुर्तुब्याला, म्हणजे कॉर्डोबाला गेली. तिथे खलिफा अब्दुर्रहमान तिसरा यांच्या दरबारातील यहुदी हकीम हसदाय इब्न शप्रूत यांनी त्याच्यावर उपचार केले. वजन उतरले आणि खलिफाच्या फौजेच्या मदतीने राज्यही परत मिळाले.

ख्रिस्ती रुग्ण, यहुदी हकीम, मुस्लिम आश्रयदाता! राजालाही हे एकट्याला जमले नाही. आपले ताट सोडून परमुलखात जावे लागले. मी निदान घरी जायचा रस्ता तरी बदलला आहे.