सिरोसिस आणि वरच्या पचनमार्गाचे कर्करोग (बीड जिल्हा)

तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगांचा यकृताच्या सिरोसिसशी संबंध आढळतो. सिरोसिसमध्ये यकृतपेशी मरून त्या जागी तंतुमय वण धरतात. त्यातून यकृताचाच कर्करोग होतो, हे परिचित आहे. डेन्मार्कमधील ११,६०५ सिरोसिसरुग्णांच्या पाहणीत (१९९८) मात्र तंबाखू व दारूशी निगडित इतर कर्करोगही अपेक्षेपेक्षा जास्त आढळले.

हे नाते बापलेकाचे नव्हे, भावकीचे आहे. दोघांचे मूळ बहुधा दारूत असते. दारूपासून बनणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करते आणि तोंडातल्या जीवाणूंमुळे ते लाळेतही तयार होते. तंबाखूची जोड मिळाली की धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने चढतो. हिपॅटायटिस बी वा सीमुळे झालेल्या सिरोसिसमागे हे सामाईक मूळ नसते.

उस्मानाबाद–बीड कर्करोग नोंदवहीत २०१२–१६ या काळातला सर्व कर्करोगांचा वयप्रमाणित दर पुरुषांत लाखामागे ३९.५, तर स्त्रियांत ४९.४ होता. देशातल्या नोंदवह्यांत हा सर्वांत कमी. पण तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. उचल (आगाऊ मजुरी) घेऊन दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या फडावर गेलेला कोयता (ऊसतोड मजुरांची जोडी) उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. तोवर तोंडातला चट्टा दाखवायला सवड कुठली? चुना-तंबाखूची चिमूट पुरुषांच्या गालात, तर भाजलेल्या तंबाखूची मिश्री बायकांच्या हिरड्यांवर. त्यामुळे दारूला न शिवणाऱ्या बाईलाही तोंडाचा कर्करोग होतो, आणि तिथे सिरोसिसचा काही संबंध नसतो.

व्यवहारात सिरोसिस व अन्ननलिकेचा कर्करोग या दोन्ही आजारांची गाठ दुर्बिणीच्या तपासणीत पडते. सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात व फुटल्यास रक्ताची उलटी होते. त्या शिरा पाहायला घातलेल्या दुर्बिणीत अन्ननलिकेचा लहानसा कर्करोगही सापडू शकतो, मात्र पाहणाऱ्याचे लक्ष शिरांवरच खिळले तर तो निसटतो. दारू पिणाऱ्या सिरोसिसरुग्णाचा घास अडकू लागला, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

सिरोसिसरुग्णाच्या कर्करोगावरचे उपचार अवघड असतात. रक्त गोठण्याची क्षमता घटलेली, प्लेटलेट कमी. त्यामुळे तुकडा काढतानाही रक्तस्रावाची भीती. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, जलोदर आणि शुद्धीची अवस्था यांवरून ‘चाइल्ड–प्यू’ श्रेणी ठरते. ‘क’ या सर्वांत गंभीर श्रेणीतल्या रुग्णाला अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया सहसा झेपत नाही. गाठ वरच्या अस्तरापुरती असेल, तर छाती न उघडता दुर्बिणीतूनच ती काढता येते.